तिसरी पायरी

२०२५ च्या पावसाळ्यात पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेनं मला मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. बाहेर पाऊस असा कोसळत होता, की वर्गाच्या पत्र्याखाली मला ओरडूनच बोलावं लागत होतं. मी बरीच वर्षं विमानं चालवली. आता निवृत्त होऊन गावी आलोय, त्यामुळे आसपासच्या शाळांना मी फुकटात मिळणारा पाहुणा वाटतो! मुलं नेहमीचेच प्रश्न विचारतात. ढग हाताला लागतात का, विमानात वैमानिकाला झोप येते का, पगार किती. पण त्या दिवशी वर्ग जरा गप्प गप्प होता. १२ जूनला अहमदाबादला विमान पडलं होतं. जमीन सोडून मिनिटही झालं नव्हतं. २६० माणसं गेली. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या घरांतही त्या दिवशी चूल पेटली नाही. मुलांनी ते सगळं मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "काका, विमान धावपट्टीवर पळत असताना लाल दिवा लागला, तर लगेच ब्रेक मारायचा ना?"

सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणाला. बाईंनीही मान डोलावली.

मी म्हटलं, "कधी कधी हो. आणि कधी कधी अजिबात नाही."

अहमदाबादच्या अपघाताबद्दल मी त्या मुलांना काही सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. कारण शोधणं हे तपास करणाऱ्यांचं काम. टीव्हीवर बसून दोन तासांत निकाल लावणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं. आणि गंमत अशी, की ते उत्तर मला विमानाला हात लावण्याच्या कितीतरी आधी, महाडच्या बाजारपेठेत मिळालं होतं.

माझं आजोळ महाडचं. आजोबांचं बाजारात किराणा मालाचं दुकान, वर राहायला माडी. महाडला सावित्री आणि गांधारी अशा दोन नद्या. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. डोंगरात रात्रभर धो धो पाऊस झाला आणि नेमकी तेव्हाच खाडीला भरती असली, की नदीला पुढे सरकायला वाट मिळत नाही. मग ती बाजारात शिरते. महाडकरांना हे काही नवं नाही. जुलै २००५ आणि जुलै २०२१ चे पूर तर तुमच्या घरातल्या मोठ्यांना चांगलेच आठवत असतील. विचारा त्यांना.

दुकानाला पाच पायऱ्या होत्या. आजोबांचा नियम असा, की पाणी पहिल्या दोन पायऱ्यांवर असेपर्यंत वेळ आहे. बायकामुलांनी निघायचं, उंचावरच्या नातेवाइकांच्या घरी जायचं, पुरुषांनी माल माडीवर चढवायचा. पण पाणी तिसऱ्या पायरीला लागलं, की मग कुणीही, कुठल्याही कारणासाठी गल्लीत उतरायचं नाही. सगळ्यांनी माडीवर. तिसऱ्या पायरीवर त्यांनी तांबड्या रंगाचा एक पट्टाच ओढून ठेवला होता. हा नियम ते पावसाळ्यात सांगत नसत. मे महिन्यात, कडक उन्हात, त्याच पायरीवर आम्हा मुलांना बसवून आमच्याकडून वदवून घेत. हातात आंबा, तोंडाला रस, आणि आजोबा विचारताहेत, "तिसऱ्या पायरीला पाणी लागलं, तर?" आम्हाला हसू यायचं.

मी सातवीत असताना एका रात्री पाणी आलं. बघता बघता दोन पायऱ्या बुडाल्या, तिसरीला लागलं. आणि मामाला आठवलं, की उधारीच्या वह्या समोरच्या गोदामात राहिल्या आहेत. गोदाम दहा पावलांवर. पाणी मांडीइतकं. तो धोतर वर खोचून उतरायला लागला. आजोबांनी कधी कुणावर हात टाकला नव्हता, पण त्या रात्री त्यांनी मामाला गळपट्टी धरून मागे खेचलं. "पट्टा कुठं गेला बघ आधी!" एवढंच म्हणाले. मामा चिडला, म्हणाला, वर्षाची उधारी बुडेल. थोड्याच वेळात एक हातगाडी, चाकांसकट, गल्लीतून सरळ वाहत गेली. जिथून मामा चालत गेला असता अगदी तिथून. मामा माडीवर जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसला. वह्या गेल्या त्या गेल्याच. उधारीही बरीच बुडाली. घरात दोन वर्षं ओढाताण झाली. पण आजोबांनी त्या वह्यांचा विषय पुन्हा काढल्याचं मला आठवत नाही.

आता विमानाकडे येऊ या.

प्रवासी जेट विमान धावपट्टीवर उभं असतं तेव्हा ते पन्नास-साठ-सत्तर टनांचं धूड असतं. ते पळायला लागतं आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात त्याला हवेत जायचं असतं. या वेळात दोन वेगांना फार महत्त्व. पहिला साधारण ८० नॉट, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. (काही विमानांत तो १०० नॉट धरतात.) दुसऱ्या वेगाला आम्ही 'व्ही-वन' म्हणतो. तो दर उड्डाणाला वेगळा असतो. विमानाचं वजन किती, धावपट्टी किती लांब, ओली की कोरडी, हवा किती गरम, वारा कुठून, हे सगळं मांडून निघण्याआधीच त्याचं गणित करतात. समजा तो १४० नॉट निघाला. म्हणजे ताशी २५९ किलोमीटर. म्हणजे एका सेकंदाला ७२ मीटर! खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं. तुम्ही "अरे बापरे" म्हणेपर्यंत विमान अडीच मैदानं ओलांडून गेलेलं असतं.

८० नॉटपर्यंत आजोबांच्या पहिल्या दोन पायऱ्या. काहीही बिनसलं, दिवा लागला, विचित्र आवाज आला, टायर फुटला, विमान नेहमीसारखा वेग घेईना, तर सरळ थांबायचं. फार काही बिघडत नाही. प्रवासी कुरकुरतात, उशीर होतो, दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे कागद भरावे लागतात. भरायचे.

८० नॉट ओलांडले, की मात्र वैमानिक हट्टी होतो. आता पिवळा दिवा लागला म्हणून तो थांबत नाही. आग, इंजिन बंद पडणं, पुढे वाऱ्याचा भयंकर झोत असल्याचा इशारा, किंवा विमान उडूच शकणार नाही अशी अवस्था, या चार-पाच गोष्टींसाठीच थांबायचं. बाकी सगळं हवेत गेल्यावर. तुम्ही म्हणाल, हे उलटंच की! धोक्याचा इशारा मिळाला तरी पुढे जायचं? पण जोरात पळणारं एवढं वजन ब्रेकवर थांबवणं हाच एक मोठा धोका असतो. ब्रेक इतके तापतात, की चाकांत खास वितळणाऱ्या गुडद्या बसवलेल्या असतात. त्या वितळून हवा सोडून देतात, नाहीतर टायर बॉम्बसारखे फुटतील. काही विमानांत तर या टप्प्यात कमी महत्त्वाचे दिवे आणि घंट्या यंत्र आपणहून दाबूनच ठेवतं, वैमानिकाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून.

आणि व्ही-वन ही तिसरी पायरी. ती ओलांडली, की थांबायचं नाही. आग लागली तरी नाही. कारण पुढे उरलेली धावपट्टी आता थांबायला पुरणार नाही. एक बारकी गोष्ट सांगतो, ती मोठ्यांनाही पटकन कळत नाही. व्ही-वन हा विचार सुरू करायचा वेग नव्हे. त्या वेगाला पोचेपर्यंत थांबवण्यासाठी हात हललेलाच असला पाहिजे. म्हणून कॅप्टनचा हात तोवर इंजिनांच्या दांड्यांवर असतो, सहवैमानिक विमान चालवत असला तरी. आणि "व्ही-वन" असा पुकारा झाला, की तो हात तिथून काढून घेतो. मुद्दाम. हात तिथं राहिला, तर घाबरून तो दांड्या मागे खेचेल. माणसाच्या हाताचा भरवसा नाही, हे विमानवाल्यांनी फार पूर्वी ओळखलंय.

धावपट्टी संपते तिथं काय असतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. २६ एप्रिल १९९३, औरंगाबादचा चिकलठाणा विमानतळ. दुपारचं ऊन. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ भरलेलं, आत ११८ माणसं. तापलेली हवा विरळ असते. इंजिनांचा जोर कमी पडतो, पंखांनाही कमी उचल मिळते. वैमानिकानं विमानाचं नाक उचलायला उशीर केला, आणि नाक उचललं तेही बरोबर पद्धतीनं नव्हे, असं चौकशीत ठरलं. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता. रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक. विमान उठता उठता त्याला थडकलं, पुढे विजेच्या तारांना लागलं आणि शेतात कोसळलं. ५५ जण गेले. विमानांच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नाही, हा दोषही चौकशीनं दाखवला. त्या काळी मी या धंद्यात नवा होतो. त्यानंतर कितीतरी दिवस धावपट्टीच्या टोकाचे लाल दिवे दिसायला लागले, की मला कापसाचा ट्रक दिसायचा.

आता माझी फजिती सांगतो. आम्हाला दर काही महिन्यांनी 'सिम्युलेटर'मध्ये बसवतात. खोटं कॉकपिट, पण हुबेहूब. खिडकीत धावपट्टीचं चित्र, खाली हादरे. नव्या उमेदीत मी सगळे नियम तोंडपाठ करून गेलो होतो. विमान पळालं, "व्ही-वन" झालं, आणि पुढच्या सेकंदाला आगीची घंटा घणघणली. लाल दिवा भगभगीत. मी काय करावं? दोन्ही दांड्या खाडकन मागे ओढल्या आणि ब्रेकवर उभा राहिलो! धावपट्टीच्या टोकाचे दिवे आले, गेले, आणि पडदा काळा झाला. शिकवणारे कॅप्टन मागं बसले होते. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "मागं किती माणसं होती?" मी म्हटलं, "सव्वाशे." "हं. पुन्हा."

त्या रात्री झोप लागली नाही. पाठांतर होतं, तरी हात चुकला. मला आठवला मामा, धोतर खोचून पायरी उतरणारा. त्यालाही नियम ठाऊक होताच की! पुढचे कित्येक दिवस मी खोलीत लाकडी खुर्चीवर बसून डोळे मिटायचो, मनात वेग वाढवायचो, "व्ही-वन" म्हणायचो आणि उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचो. खोलीतला सोबती म्हणायचा, ह्याला वेड लागलंय.

हे वेड दोनेक वर्षांनी कामी आलं. पावसाळ्यातली संध्याकाळ होती, धावपट्टी ओली. मी सहवैमानिक, वेग शंभराच्या पुढे गेलेला, आणि समोर पिवळा दिवा लागला. सामान ठेवायच्या कप्प्याचं दार उघडं असल्याचा इशारा. पोटात गोळा आला. दार उघडं! थांबा असं ओरडावंसं वाटलं. पण माझं काम दिसलं ते स्पष्ट सांगायचं. मी दाराचं नाव घेतलं. कॅप्टन म्हणाले, "कंटिन्यू." बस्स. आवाजही चढला नाही. आम्ही उडालो. ४०० फुटांपर्यंत विमान सरळ चढवण्यापलीकडे काहीही करायचं नाही असा दंडक आहे. तोवर दोघांपैकी कुणी त्या दिव्याकडे बोटही केलं नाही. मग पुस्तक काढलं, एकेक ओळ वाचली. विमानातला हवेचा दाब व्यवस्थित होता, म्हणजे दार घट्ट बंद होतं. उतरल्यावर इंजिनिअरनं दाराचं बारकं बटण काढून दाखवलं. त्यात पाणी गेलेलं. एवढ्याशा पाण्यासाठी ओल्या धावपट्टीवर ब्रेक मारला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

वर्गात मी इथवर आलो आणि त्या मुलीनं पुन्हा हात वर केला. "म्हणजे काका, दिवा खोटंही बोलतो?"

बोलतो. ३० जुलै १९९२ ला न्यूयॉर्कला तसंच घडलं. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं मोठं विमान, आत २९२ माणसं. चाकं जमिनीवरून उचलली, न उचलली, तोच सुकाणू गदागदा हलायला लागलं. विमान हवेत तोल सोडून पडण्याच्या बेतात आलं, की वैमानिकाला ते कळावं म्हणून सुकाणूच हलवणारं यंत्र असतं. सहवैमानिक विमान चालवत होता. त्याला वाटलं, आपण पडणार. त्यानं विमान कॅप्टनच्या हवाली केलं, आणि कॅप्टननं ते पुन्हा खाली धावपट्टीवर आणलं. इतक्या वजनाचं विमान इतकं जोरात आपटल्यावर व्हायचं तेच झालं. पंख मोडला, इंधन सांडलं, आग लागली. नशीब बलवत्तर, आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांची कमाल, की सगळेच्या सगळे २९२ बाहेर पडले. तपासात काय निघालं? विमान उत्तम उडत होतं! इशारा देणारं यंत्रच बिघडलेलं होतं, आणि ते पूर्वीही बिघडलेलं होतं. तपास करणाऱ्यांनी त्या यंत्रणेला आणि दुरुस्तीच्या कामाला बोल लावला, तसाच दोघा वैमानिकांनी एकमेकांशी नीट न बोलता घाईनं घेतलेल्या निर्णयालाही.

पण उलटही होतं बरं का! धोका असतो आणि यंत्र मुकं राहतं. १९८७ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला आणि २००८ मध्ये स्पेनमध्ये माद्रिदला, पंखांच्या मागच्या फळ्या उड्डाणासाठी उघडायच्या राहून गेल्या. अशा वेळी भोंगा वाजायला हवा. दोन्ही वेळा तो वाजला नाही. दोन्हीकडे मिळून तीनशेच्या वर माणसं गेली. निघण्याआधी जी यादी वाचायची असते तिच्यात त्या फळ्यांची ओळ होती. कशेडी घाट चढण्याआधी पोलादपूरच्या स्टँडवर एस.टी.चा चांगला ड्रायव्हर ब्रेकला हवा भरली का ते स्वतः काट्यावर बघतो. बझर वाजला नाही म्हणजे सगळं ठीक, असं तो समजत नाही.

एक गोष्ट मी मुलांना सांगावी की नको अशा विचारात होतो, पण सांगितली. १ जानेवारी १९७८. मी शाळेत होतो. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो विमान रात्री मुंबईहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं. दुसऱ्या दिवशी रेडिओभोवती अख्खी आळी जमली होती. पुढे कळलं ते असं. विमान उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र उजवीकडे कललेलंच राहिलं. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नाही. कॅप्टननं त्या एका यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. शेजाऱ्यासमोर तसंच दुसरं यंत्र होतं, मध्ये तिसरं होतं. त्यांच्याशी ताडून पाहायला वेळ होता तो काही सेकंदांचा.

"मग खरं काय ते कसं ओळखायचं?" मुलगी काही सोडेना.

मी म्हटलं, त्या क्षणी ओळखता येतंच असं नाही. म्हणून तर व्ही-वनच्या पुढे आम्ही दिव्याशी वाद घालत नाही. खरा असो, खोटा असो, आधी विमान उडवायचं. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावरही चढू शकतं. तेवढं धरूनच वजन मोजलेलं असतं. वर गेल्यावर वेळ मिळतो. दुसरं यंत्र बघता येतं, शेजाऱ्याला विचारता येतं, पुस्तक उघडता येतं. खाली, धावपट्टीच्या टोकाशी, यातलं काहीच मिळत नाही.

मग आम्ही खेळलो. बाकावर दोन पट्ट्या, त्या इंजिनाच्या दांड्या. एकानं वेग मोजायचा, एकानं मधेच "आग!" किंवा "दार!" ओरडायचं. पहिले चार वैमानिक सव्वाशे माणसं घेऊन धावपट्टीबाहेर गेले. हसून हसून पुरेवाट झाली. पाचवी ती मुलगी. "व्ही-वन" ऐकलं आणि तिनं हात उचलून मांडीवर ठेवला. मागून दोघं तिघं "आग! आग!" म्हणून किंचाळत होते. तिनं पट्टीला बोट लावलं नाही. ओठ मात्र घट्ट दाबून धरले होते.

परतताना महाडला मामेभावाकडे थांबलो. दुकान आता तो बघतो. पुरानंतर फरशी बदलली, फळ्या गेल्या, शटर आलं. पाऊस थांबला होता, पायऱ्यांवर गाळाचा पातळ थर. तिसऱ्या पायरीवरचा पट्टा ताजा दिसत होता. म्हटलं, "रंग कधी दिलास?"

"मे महिन्यात," तो म्हणाला. "दर वर्षी देतो. पोरांना बसवूनच."